आगीची घंटा मुकी तर नाही ना?

शाळेची घंटा एखाद्या दिवशी वाजली नाही, तर ती बिघडल्याचे साऱ्या शाळेला पाच मिनिटांत कळते. वर्गातला पंखा बंद पडला की लगेच कोणीतरी शिक्षकांना सांगते. पाण्याचा पंप चालेनासा झाला की दुपारच्या सुट्टीत नळावर गडबड उडते. ज्या वस्तू आपण रोज वापरतो, त्यांचा बिघाड आपोआप उघडकीस येतो.

आता इमारतीतील आगीची घंटा घ्या. ती रोज वाजत नाही आणि वाजू नये अशीच आपली इच्छा असते. वर्षानुवर्षे ती गप्प असते. पण या गप्प बसण्याचे अर्थ दोन आहेत. एक, 'इमारतीत आग नाही.' दुसरा, 'मी बिघडले आहे.' दोन्ही प्रकारचे मौन कानाला अगदी सारखेच. ते वेगळे कसे ओळखायचे, हाच आगसूचक यंत्रणेच्या तपासणीमागचा मूळ प्रश्न आहे.

हा प्रश्न वैनगंगेच्या खोऱ्यातील लोकांना परका नाही. तिरोडा तालुका आज गोंदिया जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. त्यांपैकी ७ वाचली, १० दगावली. धूर प्रथम लक्षात आला तो कामावर असलेल्या परिचारिकेच्या. त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले, की १० पैकी ३ बाळे भाजल्यामुळे आणि ७ धुराने गुदमरून गेली. हे आकडे नीट वाचा. ज्वाळेपेक्षा धुराने अधिक बळी घेतले. म्हणून ज्वाळा दिसण्याची वाट न पाहता धुराची पहिली रेघ ओळखणारे काहीतरी छताला हवे, आणि ते त्या रात्री, त्या क्षणी चालू हवे.

यंत्रणेचे चार अवयव

आगसूचक यंत्रणा दिसायला गुंतागुंतीची वाटली, तरी तिचे अवयव चारच. आग ओळखणारे संवेदक, म्हणजे तिची ज्ञानेंद्रिये. भिंतीवरची लाल पेटी, जिची काच दाबून माणूस स्वतः इशारा देऊ शकतो. या सर्वांकडून निरोप घेणारे नियंत्रण फलक, म्हणजे मेंदू. आणि शेवटी भोंगे व घंटा, म्हणजे तिचा आवाज. या सर्वांना जोडणाऱ्या तारा आणि वीज गेल्यावर आधार देणारे संचायक घट हे तिचे मज्जातंतू व शिदोरी समजा.

धूर ओळखणाऱ्या संवेदकाचे तत्त्व तुम्ही रोज पाहता. अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा येतो. हवेत धूळ असेल तर तो स्पष्ट दिसतो, कारण धूलिकण प्रकाश बाजूला फेकतात. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. प्रकाशीय धूमसंवेदकात एक लहानशी काळी कुपी असते. तिच्यात अवरक्त प्रकाश देणारा एक डायोड आणि प्रकाश टिपणारा दुसरा डायोड असे कोनात बसवलेले असतात, की एकाचा प्रकाश सरळ दुसऱ्यावर पडू नये. हवा स्वच्छ असताना टिपणाऱ्या डायोडला अंधारच दिसतो. धूर आत शिरला की कणांवरून प्रकाश विखुरतो, थोडासा त्या डायोडवर पडतो आणि फलकाला निरोप जातो.

दुसऱ्या एका प्रकारात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्याचे अल्फा कण हवेचे आयनीभवन करतात, त्यामुळे दोन पट्ट्यांमधून सूक्ष्म विद्युतधारा वाहत राहते. धुराचे कण आयनांना चिकटले की ही धारा घटते. हे तत्त्व गवसले तेही योगायोगाने. १९३० च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवत होता. वायूला उपकरण काही दाद देईना. कंटाळून त्याने सिगारेट पेटवली आणि तिच्या धुराने मापकाचा काटा हलला!

तिसरा प्रकार उष्णतासंवेदकांचा. काही संवेदक ठराविक तापमानाला, साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला, इशारा देतात. काही तापमान किती वेगाने वाढते ते पाहतात. मिनिटाला सुमारे ८ अंशांपेक्षा जास्त वेगाने ते चढू लागले की ते जागे होतात. स्वयंपाकघरात रोजच धूर असतो, म्हणून तेथे धूमसंवेदक लावत नाहीत, उष्णतासंवेदक लावतात.

तापलेला धूर हलका असल्याने वर जातो आणि छताखाली पसरतो. म्हणून संवेदक छतालाच लावतात. मात्र भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा फारशी हलत नाही, त्यामुळे अगदी कोपऱ्यात लावलेला संवेदक उशिरा जागा होतो.

तार तुटली तर कसे कळते?

समजा, फलकापासून निघालेली तार उंदराने कुरतडली. पुढचे सारे संवेदक तुटले. फलकाला हे कसे कळावे? येथे ओहमचा नियम कामी येतो.

प्रत्येक तारजोडीच्या अगदी शेवटच्या टोकाला एक रोध बसवलेला असतो. फलकाचे विभवांतर २४ व्होल्ट आणि हा रोध ४,७०० ओहम धरू. मग तारेतून सतत २४ भागिले ४,७००, म्हणजे सुमारे ५ मिलिअँपिअर धारा वाहते. ही धारा म्हणजे यंत्रणेची नाडी होय. तार तुटली, की धारा शून्य होते आणि फलकावर बिघाडाचा पिवळा दिवा लागतो. एखाद्या संवेदकाने आग ओळखली, की तो तारांमध्ये एक लहान रोध जोडतो. तो ६८० ओहमचा असेल तर धारेत आणखी ३५ मिलिअँपिअरची भर पडते, एकूण ४० होते आणि लाल दिवा लागून भोंगा वाजतो. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर धारा याहूनही एकदम वाढते आणि फलक ते संक्षिप्त मंडल म्हणून ओळखतो. हल्लीच्या फलकांत प्रत्येक संवेदकाला स्वतःचा क्रमांक असतो आणि फलक त्यांची एकेक करून हजेरी घेतो. पण नाडी पाहण्याची कल्पना तीच.

म्हणजे यंत्रणा स्वतःची काही दुखणी स्वतः सांगते. मग माणसाने तपासायचे ते काय? तर जे तिला सांगता येत नाही ते. रंगकाम करताना संवेदकावर चढवलेली प्लास्टिकची टोपी कामानंतर काढायची राहिली, तर धूर आत जाणार नाही. तारेतील नाडी मात्र उत्तम चालू राहील! फलकावर हिरवा दिवा, आणि संवेदक आंधळा. लाल पेटीसमोर कोणी कपाट आणून ठेवले, तर तेही फलकाला दिसत नाही. भोंगा वाजतो, पण दाराआडच्या माणसाला तो ऐकू येतो का, हेही फलकाला ठाऊक नसते. या गोष्टी पाहायला डोळे, कान आणि पाय लागतात.

धूळ, ऊन, किडे आणि वीज

गोंदिया-भंडारा हा धानाचा प्रदेश. तिरोड्यासारख्या गावात भातगिरण्या आहेत, कोंडा आणि तूस हवेत उडत असते. याच तालुक्यात ३,३०० मेगावॉट क्षमतेचे कोळशावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा भागात संवेदकांची देखभाल पुस्तकातील वेळापत्रकावर सोडून चालत नाही.

धूळ दोन उलट दिशांनी घात करते. ती कुपीच्या काळ्या भिंतींवर साचली, तर तिच्यावरून प्रकाश परततो आणि संवेदकाला धूर असल्याचा भास होतो. मग घंटा उगाच वाजते. तीच धूळ बाहेरच्या जाळीत साचली, तर खरा धूर आत शिरत नाही. मग घंटा वाजतच नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे किडे आत शिरले किंवा कोळ्याने आत जाळे विणले, तरी पहिल्या प्रकारची चूक होते. म्हणून धुळीच्या ठिकाणी संवेदक अधिक वेळा, बाहेरून मऊ ब्रश व शोषयंत्राने साफ करावे लागतात. कोळशाच्या वाहक पट्ट्यांसारख्या अतिधुळीच्या जागी तर धूमसंवेदक टाळून, लांबच लांब पसरलेली उष्णतासंवेदक तार वापरण्याची पद्धत आहे.

विदर्भाचा उन्हाळाही लक्षात घ्यायला हवा. मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. पत्र्याच्या छताखालची हवा त्याहून बरीच तापते. तेथे ५७ अंशांचा संवेदक लावला, तर भर दुपारी आगीशिवायच घंटा वाजेल. अशा जागी ७० अंशांच्या वर जागा होणारा संवेदक निवडतात.

उष्णतेचा दुसरा बळी म्हणजे संचायक घट. शिशाच्या बंद घटांबाबत एक ढोबळ नियम आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले, की घटाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, कारण आतील रासायनिक क्रिया वेगाने होतात. थंड खोलीत चार-पाच वर्षे टिकणारा घट तापलेल्या खोलीत दोन वर्षांतच दमतो.

घट किती मोठा हवा? हिशेब करून पाहू. नेहमीच्या स्थितीत यंत्रणा ०.२ अँपिअर धारा घेते आणि वीज गेल्यावर तिने २४ तास जागे राहायला हवे, असे धरा. ०.२ गुणिले २४ म्हणजे ४.८ अँपिअर-तास. त्यानंतर आग लागली, तर भोंग्यांसाठी १ अँपिअर अर्धा तास, म्हणजे ०.५ अँपिअर-तास. बेरीज ५.३. घट म्हाताराही होतो, म्हणून पाव पट अधिक धरू. उत्तर येते सुमारे ६.६. तेव्हा ७ अँपिअर-तासांचा घट पुरेल. १२ व्होल्टचे दोन घट एकसरीत जोडले, की २४ व्होल्ट मिळतात. क्षमता मात्र ७ अँपिअर-तासच राहते, १४ होत नाही. परीक्षेत पुष्कळजण येथेच चुकतात!

दमलेल्या घटाची गंमत अशी, की मापकावर तो पूर्ण विभवांतर दाखवतो, पण भार टाकताच कोसळतो. म्हणून घट तपासताना नुसता मापक लावून भागत नाही. मुख्य वीज बंद करून, यंत्रणा घटांवर चालवून आणि भोंगे वाजवून विभवांतर किती उतरते, ते पाहावे लागते.

तपासणीचे पंचांग

आगसूचक यंत्रणांची निवड, उभारणी व देखभाल यांसाठी भारतीय मानक २१८९ हे मानक आहे. चांगल्या ठिकाणी चालणारा क्रम साधारण असा असतो.

रोज: फलकाकडे एक नजर टाकावी. हिरवा दिवा चालू आहे का? पिवळा लागला आहे का? भोंगा कोणी कळ दाबून बंद तर ठेवलेला नाही? हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

दर आठवड्याला: एक लाल पेटी चाचणीच्या किल्लीने चालवून घंटा वाजवावी. दर वेळी वेगळी पेटी घ्यावी. इमारतीत १२ पेट्या असतील, तर १२ आठवड्यांत सर्वांची पाळी येते.

दर तीन महिन्यांनी: घट भाराखाली तपासावेत, जोडण्या घट्ट कराव्यात, प्रत्येक विभागातून इशारा योग्य ठिकाणी उमटतो का ते पाहावे.

वर्षातून किमान एकदा: प्रत्येक संवेदकाला प्रत्यक्ष 'धूर' किंवा उष्णता देऊन पाहावी. त्यासाठी खास चाचणीचा फवारा आणि गरम हवेचे यंत्र मिळते. उदबत्ती किंवा जळता कागद धरू नये. त्याची काजळी कुपीत बसते आणि तपासणीच बिघाड करून जाते.

चाचणीपूर्वी इमारतीतील सर्वांना सूचना द्यावी. चाचणी संपल्यावर बंद केलेल्या सर्व गोष्टी पुन्हा सुरू केल्याची खात्री करावी. आणि शेवटचे, पण महत्त्वाचे: तारीख, काय पाहिले, काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, हे नोंदवहीत लिहावे. एकच संवेदक तीन महिन्यांत चार वेळा उगाच वाजला, ही गोष्ट स्मरणातून निसटते. वहीतून निसटत नाही.

भोंग्याचा आवाजही मोजावा लागतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. १ मीटरवर १०० डेसिबल असेल, तर २ मीटरवर ९४, ४ वर ८८, ८ वर ८२ आणि १६ वर ७६. आता मध्ये बंद दार आले, तर आणखी २०-२५ डेसिबल जातात आणि खोलीत ५० च्या आसपासच उरतात. सर्वसाधारणपणे खोलीत किमान ६५ आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल हवेत. म्हणून तपासणी करणाऱ्याने व्हरांड्यात उभे राहून 'वाजली' असे लिहू नये. दूरच्या खोलीत जाऊन, दार लावून, ऐकावे.

'लांडगा आला रे' चा धोका

उगाच वाजणारी घंटा ही नुसती कटकट नसते. समजा, एका वसतिगृहात आठवड्यात तीनदा घंटा वाजली आणि तिन्ही वेळा आग नव्हती. चौथ्या वेळी मुले अंथरुणातून उठत नाहीत. पाचव्या वेळी रखवालदार वैतागून भोंग्याची कळ बंद करून ठेवतो. लांडग्याच्या गोष्टीतला मुलगा निदान जाणूनबुजून खोटे बोलत होता. येथे बिचारा संवेदक धुळीमुळे फसलेला असतो आणि शिक्षा साऱ्या इमारतीला होते. उपाय घंटा बंद करणे हा नव्हे. कोणता संवेदक फसतो ते वहीत पाहावे, तो साफ करावा, जुना असेल तर बदलावा, चुकीच्या जागी असेल तर हलवावा.

माणसांचीही तालीम हवी. रुग्णालयातील नवजात बाळ घंटा ऐकून पळू शकत नाही. तेथे घंटा असते ती रात्रपाळीच्या माणसांसाठी. ती ऐकताच कोणी दार उघडायचे, कोणी बाळांना उचलायचे, कोणी वीज तोडायची, हे आधी ठरलेले आणि करून पाहिलेले नसेल, तर उत्तम संवेदकाने मिळवून दिलेली दोन-तीन मिनिटे गोंधळातच जातात.

कायदा आणि कागद

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. भंडाऱ्याच्या दुर्घटनेनंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण मृत्युमुखी पडले. प्रमाणपत्र हे एका दिवसाचे छायाचित्र असते. यंत्रणेला मात्र वर्षाचे ३६५ दिवस जगायचे असते. जानेवारी ते जुलै यांच्या मधले दिवस रोजच्या अर्ध्या मिनिटाच्या नजरेनेच भरून निघतात.

करून पाहा

१. एका खोक्याला आतून काळा कागद लावा. एका बाजूच्या भोकातून विजेरीचा झोत आत सोडा आणि काटकोनातील दुसऱ्या भोकातून आत पाहा. काळोख दिसेल. आता शिक्षकांच्या देखत उदबत्तीचा थोडा धूर आत जाऊ द्या. झोत उजळून दिसेल. मग खोक्यात खडूची पूड उडवून पाहा. धूर आणि धूळ यांतला फरक तुमच्या 'संवेदका'ला कळतो का?

२. ९ व्होल्टचा घट, ३३० ओहमचा रोध आणि एक प्रकाशदायी डायोड एकसरीत जोडा. तेथून दोन लांब तारा काढून त्यांच्या टोकाला १,००० ओहमचा रोध लावा. डायोड मंद उजळेल. ही झाली नाडी. मधली तार सोडवा, डायोड विझेल: बिघाड. तार पुन्हा जोडून दोन तारांमध्ये ३३० ओहमचा आणखी एक रोध धरा, डायोड अधिक उजळेल: आग. तिन्ही स्थितींतील धारा मोजा आणि ओहमच्या नियमाशी ताडून पाहा. डायोडवर साधारण २ व्होल्ट खर्च होतात, हे हिशेबात धरायला विसरू नका.

३. तुमच्या शाळेत, गावच्या दवाखान्यात किंवा चित्रपटगृहात गेलात, तर छताकडे आणि भिंतीकडे पाहा. संवेदक आहेत का? त्यांच्यावर टोपी राहिली आहे का? लाल पेटी मोकळी आहे का? फलकावर कोणत्या रंगाचा दिवा आहे? कशालाही हात लावू नका. पिवळा दिवा दिसला, तर तेथील जबाबदार माणसाला तेवढे सांगा. आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, हेही नम्रपणे विचारा. उत्तर वहीतून मिळाले, तर ती घंटा मुकी नाही असे मानायला हरकत नाही.